मॉडरेशन : मवाळपणा नव्हे, मोजमाप

'मॉडरेशन' हा इंग्रजी शब्द आपल्या कानावर पडतो तो बहुधा आहाराच्या संदर्भात. भात खा, पण 'मॉडरेशन'मध्ये, असे डॉक्टर मधुमेही रुग्णाला बजावतात. येथे 'प्रमाणात' हा मराठी शब्द चपखल बसतो. शब्दाचे मूळही तेच सुचविते. लॅटिनमध्ये 'मोडुस' म्हणजे माप. 'मॉडेस्ट', 'मॉडेल', इतकेच काय 'मॉडर्न' हे शब्दही त्याच कुळातले. आपल्या मिताहार, मितभाषी या शब्दांतील 'मित' म्हणजेही मोजलेले.

परीक्षांच्या क्षेत्रात या शब्दाला वेगळी छटा येते. एका परीक्षकाचा हात सैल, तर दुसऱ्याचा आखडता असतो. म्हणून तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही मॉडरेटर पुन्हा पाहतो. सर्वांना एकच माप लागावे, हा त्यामागील हेतू.

अणुभट्टीतील मॉडरेटर मात्र अनेकांची फसगत करतो. तो अणुभट्टीचा 'ब्रेक' असावा, असा समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. युरेनियमच्या विखंडनातून निघणारे न्यूट्रॉन अतिवेगवान असतात. त्यांचा वेग कमी झाला, तरच ते पुढील विखंडन सहज घडवितात. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे एन्रिको फर्मी यांनी ग्रॅफाइट वापरून हे साधले. तारापूरच्या १९६९ मधील पहिल्या दोन संचांसाठी साधे पाणी, तर नंतरच्या दोन संचांसाठी जड पाणी योजण्यात आले. म्हणजे येथे वेगाला आवर घातल्यामुळेच शक्ती निर्माण होते.

राजकारणात मात्र या शब्दावर मराठीत थोडा अन्यायच झाला. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये फूट पडली, त्या काळातील 'मॉडरेट' गटाला 'नेमस्त' असे समर्पक नाव मराठीत होते. परंतु रूढ झाला तो 'मवाळ'. मापाची कल्पना मागे पडून मऊपणा तेवढा उरला. याच गटातील गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्ती स्थानिक संस्थांमार्फत, टप्प्याटप्प्याने आणावी, अशी त्याची बेताची रचना होती. तरीही १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. मागणी मोजून मांडलेली होती, पण क्षुल्लक नव्हती.

आजही मधला मार्ग सुचविणाऱ्यास आपण चटकन 'मवाळ' ठरवितो. त्याने माघार घेतली आहे की केवळ माप सांभाळले आहे, हे आधी पाहावयास हवे.