डी.एस.एल.आर. चित्रीकरणात बाह्य मॉनिटर व टॅबलेटचे स्थान

प्रस्तावना : मंगरूळपीर परिसरातील वयोवृद्धांची वऱ्हाडी बोली व जात्यावरील ओव्या यांच्या ध्वनिचित्रमुद्रणासाठी महाविद्यालयांना डी.एस.एल.आर. कॅमेरा उपयुक्त ठरतो. मात्र असे निवेदन पुन्हा लाभेलच असे नाही. फोकस चुकल्यास होणारी हानी भरून निघत नाही.

समस्येचे स्वरूप : चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यातील आरसा वर उचललेला असल्याने व्ह्यूफाइंडर निरुपयोगी होतो व सर्व भिस्त मागील पडद्यावर राहते. २००८ साली आलेल्या कॅनन ५डी मार्क २ चा पडदा ३ इंची, ९.२ लाख बिंदूंचा होता. तीन बिंदू मिळून एक पिक्सेल होतो. म्हणजे सुमारे ३.०७ लाख पिक्सेल. फुल एचडी चित्रात मात्र २०.७ लाख पिक्सेल असतात. साहजिकच सूक्ष्म अस्पष्टता पडद्यावर लक्षात येत नाही.

पर्यायांची तुलना : एचडीएमआय तारेने जोडलेल्या मोठ्या मॉनिटरवर दृश्य अत्यल्प विलंबाने दिसते. ‘फोकस पीकिंग’ सुविधा असल्यास सुस्पष्ट कडा रंगाने ठळक होतात. याउलट, सर्वसाधारण टॅबलेट एचडीएमआय संकेत थेट स्वीकारत नाही. वाय-फायद्वारे येणारे दृश्य संकुचित व काहीसे विलंबित असते. तथापि दुरून चौकट पाहणे व मुद्रण सुरू-बंद करणे टॅबलेटने साधते. निवेदकाभोवतीची गर्दी टळून त्याचा संकोचही कमी होतो.

निष्कर्ष : फोकससाठी तारेचा मॉनिटर व दूरनियंत्रणासाठी टॅबलेट, अशी विभागणी इष्ट होय. निवेदकास बसविण्यापूर्वी चाचणी-मुद्रण करून ते संगणकावर तपासणे अगत्याचे आहे.