सवडीच्या तासांत बांधलेली जहाजे

शिडाच्या जुन्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती घरी बसून बांधण्याचा छंद युरोप, अमेरिका आणि जपान येथे चांगला रुजलेला असून, तो जोपासणाऱ्यांत नोकरी-व्यवसाय आणि संसार सांभाळणारी माणसे मोठ्या संख्येने आढळतात. एखादी मध्यम आकाराची प्रतिकृती पुरी होण्यास दोन-तीन वर्षे सहज लागतात आणि तीन डोलकाठ्यांच्या मोठ्या युद्धनौकेला त्याहून कितीतरी अधिक काळ द्यावा लागतो. पुरे झालेले जहाज पाहणाऱ्याला ते केवळ हातांच्या कसबाचे फळ वाटते. परंतु कसब काम करता करता अंगी येते, आणि जहाज अर्धवट राहते ते बहुधा वेळेची घडी न बसल्यामुळे किंवा एकट्याने काम करताना उमेद खचल्यामुळे. म्हणूनच हा छंद समजून घेताना त्यातील सुतारकामाइतकाच त्याच्या भोवतालच्या घराचा आणि त्यातील सोबत्यांचाही विचार करावा लागतो.

प्रतिकृती बांधण्याची परंपरा फार जुनी आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे दोन हजार वर्षे होऊन गेलेल्या मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात नावाड्यांसह घडवलेल्या लाकडी नौका १९२० मध्ये सापडल्या आणि त्या आज कैरो व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत आहेत. मध्ययुगीन युरोपात समुद्रावरून सुखरूप परतलेले खलाशी चर्चला नवसाचे जहाज अर्पण करीत, आणि डेन्मार्कमधील अनेक चर्चांत अशी जहाजे छताला टांगलेली अजून पाहावयास मिळतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये आरमाराच्या जहाजांचा कारभार पाहणाऱ्या नेव्ही बोर्डाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. जहाजाच्या खालच्या भागावर फळ्या न ठोकता आतील फासळ्या मुद्दाम उघड्या ठेवणे हे त्यांचे वैशिष्ट्य असून, बारीक कामाच्या दृष्टीने आजचे कारागीरही त्यांनाच आदर्श मानतात.

या परंपरेतील एक प्रकरण मात्र आजच्या छांदिष्टाला अधिक जवळचे आहे. १७९३ ते १८१५ या काळातील युद्धांत इंग्रजांच्या हाती लागलेल्या हजारो फ्रेंच कैद्यांना पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथे १७९७ मध्ये उघडलेल्या छावणीत आणि पुढे डार्टमूरसारख्या तुरुंगांत ठेवण्यात आले, तेव्हा त्यांच्यातील खलाशी व कारागिरांनी शिध्यातील मांसाची उरलेली हाडे साफ करून, तासून, त्यांच्या पातळ पट्ट्यांपासून युद्धनौका घडवल्या. हे काम अनेकदा वाटून घेतले जाई, म्हणजे कोणी सांगाडा उभा करी, कोणी कोरीवकाम करी, तर कोणी दोर लावी, आणि तयार वस्तू छावणीच्या बाजारात विकून चार पैसे मिळवता येत. पुरेशी साधने नसताना आणि दिवस आपल्या हातात नसतानाही इतके नाजूक काम सिद्धीस गेले, याचे मोठे कारण ते एकट्याने केलेले नव्हते, हे होते.

विसाव्या शतकात हे काम धंद्यातून बाहेर पडून फावल्या वेळात शिरले. सी. नेपियन लॉंगरिज हे पेशाने डॉक्टर. त्यांनी ‘कटी सार्क’ या चहा वाहून नेणाऱ्या जहाजाच्या प्रतिकृतीसंबंधी १९३३ मध्ये पुस्तक लिहिले आणि पुढे ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेची प्रतिकृती स्वतः बांधून, त्या अनुभवाच्या आधारे १९५५ मध्ये ‘द अॅनाटॉमी ऑफ नेल्सन्स शिप्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जहाजबांधणीचे रीतसर शिक्षण नसलेल्या माणसाने लिहिलेला हा ग्रंथ पुढील पिढ्यांतील हौशी कारागिरांना वाटाड्यासारखा उपयोगी पडला, कारण एकाने सोडवलेली अडचण दुसऱ्यासाठी लिहून ठेवण्याची या छंदातील रीत त्याने पक्की केली. अमेरिकेत १९४८ मध्ये स्थापन झालेली नॉटिकल रिसर्च गिल्ड ही संस्था आणि तिचे नियतकालिकही हेच काम करीत आले आहे.

प्रत्यक्ष बांधणीची सुरुवात प्रमाण ठरवण्यापासून होते. मूळ जहाजातील ४८ एकक लांबी प्रतिकृतीत १ एककाने दाखवली, तर त्यास १:४८ असे प्रमाण म्हणतात, आणि एका फुटाला पाव इंच असा सोपा हिशेब असल्याने हे प्रमाण इंग्रजी परंपरेत रूढ झाले. संचाच्या रूपाने मिळणाऱ्या जहाजांत १:६४, १:७२ आणि १:९६ ही प्रमाणेही नेहमी दिसतात. सुमारे ४६ मीटर लांबीचे जहाज १:४८ प्रमाणात ९५ सेंटिमीटरांच्या आसपास भरते आणि त्यात डोलकाठ्या व पुढे आलेला सोट मिळवला की ते ठेवण्यास घरातले एक अख्खे टेबल लागते. तेच १:९६ ने बांधले तर कपाटातही मावते, पण त्याच्या दोरकामाची गाठ भिंगातून पाहून बांधावी लागते. थोडक्यात, प्रमाणाची निवड हा घरातल्या जागेचा आणि बांधणाऱ्याच्या नजरेचाही प्रश्न असतो.

सांगाड्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत जहाजाच्या तळाचा कणा, ज्याला कोकणात ‘पठाण’ म्हणतात, आणि त्यावर उभ्या केलेल्या फासळ्या, म्हणजे ‘वाक’, मूळ जहाजाप्रमाणेच एकेक घडवून जोडतात. ही पद्धत अस्सल असली तरी तिला आराखडे वाचण्याची सवय आणि पुष्कळ लाकूड लागते. दुसरी पद्धत संचांत वापरतात आणि तीत प्लायवूडच्या मधल्या फळीत ठरावीक अंतरावर खाचा पाडून तिच्यात आडवे छेद बसवतात, जेणेकरून जहाजाचा आकार थोड्या तुकड्यांतच उभा राहतो. या छेदांच्या कडा फळीच्या वळणाप्रमाणे तिरप्या घासून घ्याव्या लागतात, आणि नवखा माणूस नेमकी हीच पायरी घाईने उरकतो, त्याचा परिणाम पुढे प्रत्येक फळीवर उमटतो.

फळ्या बसवणे हा या कामाचा गाभा होय. जहाज मधे रुंद आणि पुढे-मागे अरुंद असल्याने सारख्या रुंदीच्या पट्ट्या त्यावर नीट बसत नाहीत. प्रत्येक पट्टी नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढील टोकाकडे, निमुळती करावी लागते, पाण्यात भिजवून आणि उष्णता देऊन वाकवावी लागते आणि मग सुतारकामातल्या पांढऱ्या गोंदाने चिकटवावी लागते. एक पट्टी डावीकडे लावली की तिची जोडीदार लगेच उजवीकडे लावायची, हा नियम कटाक्षाने पाळतात, कारण एकाच बाजूला ताण वाढत गेला तर मधली फळी पिळवटते आणि वाकडे झालेले जहाज नंतर सरळ करता येत नाही. बहुतेक संचांत मऊ लाकडाचा पहिला थर आणि त्यावर अक्रोडासारख्या लाकडाचा पातळ दुसरा थर असतो, त्यामुळे पहिल्या थरातील फटी लांबीने भरून व पॉलिश पेपरने घासून झाकता येतात.

फळ्यांनंतर तोफा, कठडे आणि डोलकाठ्या यांचे काम येते व शेवटी दोरकाम. डोलकाठीला जागच्या जागी धरून ठेवणारे दोर डांबरामुळे काळपट दाखवतात आणि शिडे हलवणारे दोर फिकट रंगाचे ठेवतात. धाग्याची लव बसावी म्हणून तो आधी मेणातून ओढून घेतात. ‘व्हिक्टरी’वर सुमारे ४२ किलोमीटर दोर होता असे सांगतात, आणि १:७२ प्रमाणात आणले तरी हे माप पाचशे मीटरांच्या पुढे जाते. खलाशांना वर चढण्यासाठी डोलकाठीच्या बाजूच्या दोरांवर आडव्या बांधलेल्या पायऱ्यांची प्रत्येक गाठ वेगळी बांधावी लागते, आणि मोठ्या जहाजात अशा गाठी हजारांच्या घरात जातात.

इतके चिकाटीचे काम संसारी माणसाला जमते कसे, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या कामाच्या स्वभावातच आहे. गोंद वाळेपर्यंत पट्टीला हात लावता येत नाही, म्हणून रोज एक-दोन जोड्या एवढीच फळ्यांची स्वाभाविक चाल असते, आणि दिवसभर मोकळा असलेला माणूसही घाई करून फार पुढे जात नाही. उलट अर्ध्या तासात उरकतील असे तुकडे या कामात असंख्य असतात. अनुभवी मंडळी त्यांची विभागणी आवाज आणि धूळ यांच्यावरून करतात: करवत चालवणे व घासणे सुटीच्या दिवशी उजेडात आणि हवेशीर जागी, तर गाठी बांधणे घरातील लहान मुले झोपल्यानंतर. सगळा पसारा एका मोठ्या ताटलीवजा फळीवर मांडलेला असला, तर जेवणाचे टेबल दोन मिनिटांत मोकळे होते. आणि उठण्यापूर्वी पुढचे काम एका ओळीत टिपून ठेवले, तर आठ दिवसांच्या खंडानंतरही सुरुवात कोठून करावी हे शोधत बसावे लागत नाही.

घरच्यांशी करावयाच्या तडजोडीचा प्रश्न मात्र ताटलीने सुटत नाही. इंग्रजी भाषिक छांदिष्ट आपल्या पत्नीचा उल्लेख थट्टेने ‘अॅडमिरल’ असा करतात आणि नवा संच घेण्यास तिची मंजुरी लागते असे सांगतात. या थट्टेच्या मागे जागा, पैसा आणि संध्याकाळचे तास ही घराची सामायिक मालमत्ता आहे, याची कबुली असते. ज्या घरांत छंदाची वेळ ठरलेली आणि मर्यादित असते, पाती व उग्र वासाचे गोंद मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवलेले असतात आणि लाकडाची बारीक धूळ घरभर पसरत नाही, तेथे हा छंद सहसा खुपत नाही. मुलांना धागा मेणातून ओढण्याचे किंवा पट्ट्या मोजून देण्याचे काम दिले तर तेही त्यात रमतात.

तरीही अर्ध्यावर सोडलेली जहाजे या छंदात सर्वत्र आढळतात, आणि ती साधारणपणे ठरावीक जागी थांबलेली असतात. पहिला थर लागल्यावर फटी दिसतात आणि सारे बिघडले असे वाटते. तोफा किंवा पायऱ्या यांसारखे तेच ते काम सुरू झाले की कंटाळा येतो. अथवा मूल जन्मणे, आजारपण, बदली यांमुळे खंड पडतो आणि परतण्याचा संकोच वाटू लागतो. या तिन्ही ठिकाणी सोबत्यांचा उपयोग वेगवेगळा असतो. फटींनी हिरमुसलेल्या माणसाला ‘छान आहे’ एवढे म्हणून भागत नाही. त्याला आपल्या जहाजाचा लांबीने भरलेला पहिला थर दाखवणारा आणि पुढची फळी कोठे निमुळती करावी हे सांगणारा जाणकार हवा असतो. कंटाळलेल्याला रोज दहाच गाठी बांधण्याची तोड सुचवता येते. खंडानंतर परतलेल्याकडे मात्र कोणी हिशेब मागू नये, एवढीच अपेक्षा असते. संग्रहालयातील उत्कृष्ट नमुन्यांशी नवख्याच्या पहिल्या जहाजाची तुलना करणे हा उमेद मारण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, हे जुनी मंडळी ओळखून असतात.

म्हणूनच या छंदाच्या मंडळांत अर्धवट काम बैठकीला घेऊन येण्याची प्रथा आहे. प्रत्येक सदस्य आपला सांगाडा किंवा एखादा सुटा भाग मांडतो, अडलेली जागा सांगतो आणि बांधणीची छायाचित्रांसह नोंद ठेवतो, जी पुढे तेच जहाज हाती घेणाऱ्याला उपयोगी पडते. काही ठिकाणी अनेक जण एकच जहाज आपापल्या घरी एकाच काळात बांधतात, त्यामुळे आराखड्यातील एक शंका सर्वांसाठी एकदाच सुटते आणि उरलेले लाकूडही वाटून वापरले जाते. नवख्याने मोठी युद्धनौका न घेता छोटी होडी किंवा जहाजाच्या मध्यभागाचा केवळ एक छेद बांधून सुरुवात करावी, असा सल्लाही अशाच मंडळांतून मिळतो.

महाराष्ट्राला या छंदाचे आकर्षण वाटावे अशी कारणे इतिहासात आहेत. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली, आणि जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली घडलेली ‘ट्रिंकोमली’ ही १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेली युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे आराखडे मोठ्या प्रमाणावर जतन केलेले असल्याने अशा जहाजाच्या बांधणीला भक्कम आधार मिळतो. मराठा आरमारातील गुराब आणि गलबत बांधायचे तर तत्कालीन चित्रे व वर्णने यांवर पुष्कळ भिस्त ठेवावी लागते, आणि तेथे एकापेक्षा अधिक डोळ्यांची गरज आणखीच वाढते. बॉक्सवूड, नासपती यांसारखी परदेशी लाकडे महाग पडली, तरी सह्याद्रीतील हेदूसारखे बारीक पोताचे लाकूड कातकामाला आणि कोरीवकामाला पूर्वापार वापरले गेले आहे, ते येथेही पारखून पाहता येईल. लाकूड, आराखडे आणि हत्यारे या गोष्टी पैशाने किंवा चिकाटीने मिळवता येतात. परंतु महिन्यातून एकदा आपली अर्धवट जहाजे समोर ठेवून बसणारी चार-पाच माणसे जमली, तर त्या आराखड्यांतून जहाजे पुरी होण्याची शक्यता कितीतरी वाढते.