७९६ क्रमांकाचा रुपया

‘लाडकी बहीण’ योजनेच्या हप्त्यासाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये वळवले, यावरून मे २०२५ मध्ये बरेच रण माजले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी बोलून दाखवली. विरोधकांनी तोंडसुख घेतले आणि आठवडाभरात विषय मागे पडला. पुढे ३० जूनपासून पावसाळी अधिवेशन भरले, पुरवणी मागण्या आल्या. मंत्री बोलले म्हणून त्या वेळी गवगवा झाला. एरवी कुठल्या खात्याचा पैसा कुठे गेला, याचा पत्ता कोणाला लागतो? आणि कसा?

याचे एक उत्तर गणेशपुरीच्या आसपास सापडते. गणेशपुरी म्हटले की नित्यानंद बाबांची समाधी आणि तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडे डोळ्यांसमोर येतात. पण १९८५ च्या आदेशाने भिवंडी तालुक्यातली ७२ गावे अनुसूचित क्षेत्रात धरली गेली, त्यांत गणेशपुरीचेही नाव आहे. भाविकांच्या गाड्या ज्या रस्त्याने जातात, त्याच्या दोन्ही अंगांना कातकरी आणि वारल्यांचे पाडे आहेत. जवळच उसगावला विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना या आदिवासींसाठी लढणाऱ्या संस्थांचे ठाणे आहे. मुंबईत बसून राज्याच्या अर्थसंकल्पाची चिरफाड करणारे ‘समर्थन’ हे अभ्यास केंद्र याच कामातून नव्वदच्या दशकात उभे राहिले.

मोर्चे काढणारी संघटना आकडेमोडीकडे कशी वळली, हे समजायला लग्नगडी म्हणजे काय ते माहीत हवे. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षे त्याच्या दारात राबायचे, बहुतेकदा बायकोनेही. ही वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली होती, पण ठाणे जिल्ह्यात ती तशीच चालू होती. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वसई तालुक्यातल्या दहिसरमध्ये हे वेठबिगार सोडवायला सुरुवात केली. त्यातून १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली आणि १९९९ मध्ये या दांपत्याला लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला.

मात्र सुटका झालेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी खायचे काय? १९७८ च्या योजनेत त्याच्या पुनर्वसनासाठी ४,००० रुपये होते, निम्मे केंद्राचे आणि निम्मे राज्याचे. राज्याने आपल्या हिश्शाची तरतूद केली नाही, तर सुटकेचा दाखला हातात असूनही माणूस पुन्हा त्याच मालकाच्या दारात उभा राहणार. म्हणजे कायदा राबवायचा तर अर्थसंकल्प वाचता आला पाहिजे.

हे वाचन किचकट असते, आणि ते मुद्दाम किचकट ठेवले आहे असा संशय यावा इतके असते. सरकारी खर्चाच्या प्रत्येक रुपयाला एक क्रमांक असतो. २२२५ हे प्रधान शीर्ष मागासवर्गीयांच्या कल्याणाचे. त्याच्या पोटात गौण शीर्षे येतात. ७८९ म्हणजे अनुसूचित जातींसाठीचा घटक कार्यक्रम आणि ७९६ म्हणजे आदिवासी क्षेत्र उपयोजना. रस्ते असोत, पाणी असो की शाळा, ज्या खर्चापुढे ७९६ लागले तो पैसा आदिवासींच्या नावे मोजला जातो. प्रत्येक ओळीपुढे रकाने येतात: मागे झालेला प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. वर्तमानपत्रांचे मथळे शेवटच्या रकान्यावर सजतात. खरी बातमी सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या फरकात असते.

२०२५-२६ साठी आदिवासी घटक कार्यक्रमाला २१,४९५ कोटी दिले, आदल्या वर्षीपेक्षा ४० टक्के वाढ, असे मार्च २०२५ मध्ये सभागृहात जाहीर झाले. त्यातून ३३५ कोटी गेले तर ते दीड टक्क्याच्या आसपास. एवढ्यासाठी आरडाओरडा कशाला, असे वाटू शकते. या प्रश्नाला खावटीचा अनुभव उत्तर देतो. जून ते सप्टेंबर पाड्यांवर मजुरी नसते, वीटभट्ट्या बंद असतात, घरातले धान्य संपत आलेले असते. त्या दिवसांसाठी आदिवासी कुटुंबांना मिळणारी सरकारी मदत म्हणजे खावटी. टाळेबंदीनंतर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ११ लाख ५५ हजार कुटुंबांना प्रत्येकी ४,००० रुपयांची खावटी मंजूर केली. निम्मी रोख, निम्मी वस्तूंत: मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ, साखर, तेल, मीठ, मसाला, चहापत्ती. एकूण ४८६ कोटी. पण अनेक पाड्यांवर ही मदत पोहोचायला २०२१ उजाडले. मंजुरीचा कागद निघाला तेव्हाच पावसाळा सरत आला होता. आदिवासींच्या तरतुदीतला एक टक्का म्हणजे काही लाख घरांची चूल असते, आणि ती वेळेवर पेटावी लागते.

आदिवासींचा पैसा आदिवासी विभागाच्याच हाती द्यावा, ही व्यवस्था महाराष्ट्रानेच देशाला घालून दिली. माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या समितीचा अहवाल स्वीकारून १९९३-९४ पासून राज्याने लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ९ टक्के, नियोजन निधी या विभागाकडे सोपवला. त्याआधी प्रत्येक खाते आपल्या मनाने काही खर्च आदिवासींच्या नावे दाखवून मोकळे होई. त्याच महाराष्ट्रात आज हा निधी दुसरीकडे वळतो, ही गोष्ट राज्याला शोभणारी नाही.

अशा अभ्यास केंद्रांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका घेतली जाते आणि ती घ्यायलाच हवी. विवेक पंडित २००९ ते २०१४ वसईचे आमदार होते, पुढे सरकारच्या आदिवासी विकास आढावा समितीचे अध्यक्ष झाले. गुजरातेत ‘दिशा’ संस्थेतून अर्थसंकल्पाचे असेच वाचन सुरू करणारे मधुसूदन मिस्त्रीही काँग्रेसचे खासदार झाले. पण या कामाला एक सोय आहे: आकडे सरकारचेच असतात. ‘बीम्स’ या सरकारी प्रणालीवर कोणत्या योजनेला किती पैसे मिळाले आणि किती खर्च झाले, हे कोणीही ताडून पाहू शकतो. आणि खरे सांगायचे तर पुणे-मुंबईच्या विद्वत्तेला गोखले संस्थेसारखी घरे मिळाली, तशी पाड्यावरच्या प्रश्नांना मिळाली नाहीत. तरी असे प्रश्न विचारण्याची परंपरा जुनी आहे: १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे विचारले होते की रयतेच्या घामाचा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का खर्च होतो. अर्थसंकल्पाचे याहून नेमके विश्लेषण दुसरे कोणते?

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये घटक योजनांचा निधी राखण्यासाठी कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यातले एक कलम पळवाट ठरत होते, ते २०२३ मध्ये काढून टाकले. तरी त्याच वर्षी तिथल्या सरकारने हमी योजनांकडे या निधीतून सुमारे ११ हजार कोटी नेले. म्हणजे नुसता कायदाही पुरत नाही. महाराष्ट्रात तर तोही नाही, आहेत ती नियोजन आयोगाच्या काळातली मार्गदर्शक तत्त्वे: हा निधी वळवू नये, व्यपगत होऊ देऊ नये.

सरकारचा युक्तिवाद असा की लाभ घेणाऱ्या बहिणींत आदिवासीही आहेत. असतील. मग त्या किती, कोणत्या तालुक्यातल्या आणि त्यांच्या खात्यांत नेमके किती रुपये गेले, याचा हिशेब अधिवेशनात पटलावर ठेवावा. ठाणे-पालघरच्या आमदारांनी पुरवणी मागण्यांवर बोलताना तो मागायला हवा.