डुकरं हाकलून नाला स्वच्छ होत नाही

मोकाट डुकरांवर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ती पकडून हद्दीबाहेर नेणं. सोलापुरात त्याने घाण फक्त शहराच्या कडेच्या विहिरींकडे आणि भाजीच्या मळ्यांकडे सरकेल. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. चाळिशीपार जाणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात अंग निववायला त्याला चिखल लागतोच, आणि तो बारमाही मिळतो सांडपाण्याच्या नाल्यात. खाणं मिळतं उघड्या उकिरड्यावर. तिथे माणसाची विष्ठाही त्याच्या पोटात जाते आणि पट्टकृमीचं चक्र सुरू होतं: विष्ठेतल्या अंड्यांमधून डुकराच्या मांसात गाठी होतात, त्या अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसाच्या आतड्यात जाऊन तिथे कृमी वाढतो. मात्र मेंदूत गाठी होऊन फेफरं येतं ते माणसाच्याच विष्ठेतली अंडी पाण्यातून, भाजीतून पोटात गेल्याने. डुकराचं मांस कधीही न खाणाऱ्यालाही हा धोका आहे. म्हणून संडास आणि बंदिस्त पालन दोन्ही हवीत.

पण नुसतं कोंडूनही भागत नाही. सत्तर किलोचं डुक्कर दिवसाला साधारण चार-पाच किलो मलमूत्र टाकतं. वीस डुकरांचे झाले ऐंशी ते शंभर किलो. ते उघड्यावर साचलं तर त्यातला नायट्रेट पावसाबरोबर मुरतो आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून विहिरीत उतरतो. पक्की जमीन, सावली, अंगावर पाणी आणि मळासाठी बायोगॅसची टाकी, एवढं तरी हवंच. लहान पालकाला एकट्याने हा खर्च झेपणार नाही. पाच-सहा कुटुंबांत एक टाकी मात्र शक्य आहे.

मग धंदाच बंद का करू नये? डुक्कर रवंथ करत नाही, त्यामुळे त्याच्या पोटातून गाई-म्हशींच्या मानाने फारच थोडा मिथेन निघतो. शिवाय शहराचं सडणारं खरकटं ते मांसात बदलतं. आणि हा कैकाडी, वडार समाजांतल्या अनेक कुटुंबांचा पिढीजात जोडधंदा आहे. गुन्हेगार जमाती कायद्याचा आधार घेऊन ब्रिटिशांनी अशा कित्येकांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं. १९५२ मध्ये सुटका झाली, पण तिच्याबरोबर बहुतेकांच्या वाट्याला जमीन आली नाही. ज्यांना जागाच नाही त्यांना जनावर मोकाट सोडल्याचा दंड लावणं मला अन्याय्य वाटतं. महापालिकेने आधी जागा आणि पाणी द्यावं, नंतर खुशाल दंड करावा. हॉटेलांचं खरकटंही वेगळं गोळा करून, उकळूनच डुकरांना घालावं, कारण २०२० मध्ये आसामात आलेला आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नसला तरी न उकळलेल्या खरकट्यातून पसरतो आणि कळपच्या कळप संपवतो.