तक्रार फाइल सिस्टिमची, दोष खालच्या थराचा

लिनक्स कर्नलची ४.१९ ही आवृत्ती २२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाली. त्यानंतर काही वापरकर्त्यांच्या संगणकांवर एक्स्ट४ या फाइल सिस्टिमचे त्रुटिसंदेश दिसू लागले आणि काहींच्या फायली कायमच्या बिघडल्या. संदेशात नाव एक्स्ट४ चे होते, म्हणून संशयही तिच्यावरच गेला. प्रत्यक्षात दोष दुसरीकडे होता. तो कसा सापडला हे प्रस्तुत लेखात पाहू.

फाइल सिस्टिम ही ग्रंथालयातील ग्रंथपालासारखी असते. कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे, याची नोंदवही तिच्याकडे असते. प्रत्यक्ष माहिती आणण्याचे काम मात्र तिच्या खालचा ब्लॉक थर करतो; तो जणू चिठ्ठी घेऊन कपाटाकडे जाणारा शिपाई. चुकीचे पुस्तक हाती आले तर ओरड ग्रंथपालच करणार. पण चूक त्याचीच, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

अशा संदेशांपैकी एकात २५६ बाइटांच्या नोंदीतील एका भागाची लांबी २४९३७ दाखवली होती. हे अशक्य आहे. ही संख्या ९७ गुणिले २५६ अधिक १०५ अशी फोडता येते, आणि ९७ व १०५ हे इंग्रजी लिपीतील दोन लहान अक्षरांचे संकेतांक आहेत. म्हणजे नोंदीच्या जागी भलताच मजकूर आलेला असावा. हिशेब चुकला नव्हता, माहितीच परकी होती.

शोधातील मुख्य अडचण ही की, बिघाड सर्वत्र होत नव्हता. एक्स्ट४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांच्या चाचण्यांत तो उद्भवत नव्हता. काही वापरकर्त्यांकडे मात्र वारंवार होई. अशा वेळी 'द्विभाजन' ही पद्धत वापरतात. चांगली आणि बिघडलेली आवृत्ती यांमधील बदलांच्या मध्यावरचा कर्नल तयार करून तपासायचा, मग उरलेल्या निम्म्या भागाचा मध्य घ्यायचा. १६,३८४ बदल असले तरी १४ फेऱ्यांत दोषी बदल हाती येतो. मात्र अधूनमधून होणाऱ्या बिघाडात एक धोका असतो. दोन तास काही घडले नाही, म्हणून ती आवृत्ती निर्दोष ठरत नाही. एका फेरीत घाईने 'चांगली' असा शिक्का मारला की पुढचा सारा शोध वाट चुकतो.

अखेर धागा ब्लॉक थरातील एका सुधारणेपर्यंत पोहोचला. वेग वाढावा म्हणून, शेड्यूलर 'नन' असताना विनंती रांगेत न लावता थेट डिस्कच्या यंत्रणेकडे पाठवण्याची ती सोय होती. यंत्रणा व्यग्र असली की विनंती परत येई आणि नेहमीच्या रांगेत जाई. पण तोवर खालच्या स्काझी थराने तिच्यासाठी स्मृतीतील जागांची यादी तयार करून ठेवलेली असे. रांगेत शेजारची दुसरी विनंती तिच्यात मिसळली गेली की विनंती मोठी होई, यादी मात्र जुनीच राही. चिठ्ठीवर मागाहून तीन पुस्तके वाढवली, पण शिपाई आधी पाठ केलेली दोनच घेऊन आला, असा हा प्रकार. उरलेल्या जागेत स्मृतीतला जुना मजकूर तसाच राही आणि फाइल सिस्टिम तोच आपली नोंद समजून वाचे.

ब्लॉक थराचे प्रमुख येन्स आक्सबो यांनी डिसेंबर २०१८ च्या पहिल्या आठवड्यात दुरुस्ती केली. परत आलेल्या विनंतीत दुसरी मिसळली जाणार नाही, एवढाच तिचा आशय होता. ती ४.१९.८ या आवृत्तीतून सर्वांपर्यंत पोहोचली. दुरुस्ती लहान होती, पण तिच्यापर्यंत पोहोचण्यास कित्येक आठवडे लागले.

या प्रकरणातून दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. त्रुटिसंदेश हा साक्षीदाराचा जबाब असतो. त्यात चूक कोठे दिसली ते कळते, ती कोठे झाली ते नव्हे. आणि 'माझ्याकडे तसे होत नाही' हे दुसऱ्याची तक्रार खोडून काढण्याचे कारण होऊ शकत नाही. त्याच्या आणि आपल्या संगणकात फरक काय, हे शोधण्याची ती सुरुवात असते. ज्यांच्या फायली गेल्या त्यांनी चिकाटीने कर्नल बदलून बदलून तपासले नसते, तर हा दोष आणखी कितीतरी डिस्कांवरील माहिती बिघडवत राहिला असता.