शेंदूर लाल धरायचा का?

आमच्या गावच्या मारुतीच्या पारावर एका उन्हाळ्यात दोन दिवस एकच वाद पेटला होता. शेंदूर लाल धरायचा का नाही?

गाव नांदेड-लातूर रस्त्यावरचं, लोहा आणि अहमदपूरच्या मधलं. खेळ ‘दे दणादण’ या सिनेमाचा. एकानं त्यातला हवालदार लक्ष्या व्हायचं, त्याच्या अंगात मारुतीची शक्ती, बाकीच्यांनी गुंड होऊन त्याच्यावर तुटून पडायचं. लक्ष्यानं नुसता हात फिरवला की गुंडांनी धुळीत लोळायचं. पण लाल वस्तू डोळ्यांसमोर आली की त्याची शक्ती खलास, हा सिनेमातलाच नियम. थोरल्या आत्याचा पोरगा बेरकी. मार बसायला लागला तसा तो लक्ष्याला ओढत थेट मारुतीच्या मूर्तीपुढं घेऊन गेला आणि म्हणाला, “बघ, लाल. पड आता.”

“शेंदूर लाल नसतोय बे, शेंदरी असतोय!”

“मग कुंकू? कुंकवाचं काय?”

आज हसू येतं. तेव्हा मात्र जीवनमरणाचा प्रश्न होता. आणि तो मिटत नव्हता, कारण सिनेमातला लाल नेमका कसा ते आमच्यापैकी एकानंही पाहिलेलं नव्हतं. आम्ही ‘दे दणादण’ पाहिला होता तो ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर.

पाच अक्षरी धडाका

महेश कोठारे हे नाव मराठी प्रेक्षकाला आधी बालकलाकार म्हणून माहीत झालं, १९६३च्या ‘छोटा जवान’मधून. दिग्दर्शक म्हणून ते १९८५ साली ‘धुमधडाका’ घेऊन आले. मग १९८७ला ‘दे दणादण’, १९८९ला ‘थरथराट’, १९९०ला ‘धडाकेबाज’, १९९३ला ‘झपाटलेला’. नावं बोटांवर मोजून पाहा, प्रत्येकात पाचच अक्षरं. पुढचे ‘माझा छकुला’ आणि ‘पछाडलेला’सुद्धा पाचातच बसतात. पहिल्या चार नावांमध्ये आणखी एक गंमत आहे. धडाका, दणादण, थरथर हे सगळे मराठीचे मारामारीचे आवाज. पोस्टर वाचता वाचताच ठोसा बसावा अशी ही नावं आहेत.

या सिनेमांचा साचा ठरलेला. महेश शिस्तीचा नायक, बहुधा पोलिसातला, तोंडी ‘डॅम इट’. शेजारी लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, घाबरट, बडबड्या, मनानं निर्मळ. समोर नावातच दहशत असलेला खलनायक: टकलू हैवान, कवट्या महाकाल, तात्या विंचू. आणि गोष्टीत कुठंतरी एक चमत्कार. ‘दे दणादण’मध्ये मारुतीची शक्ती, ‘धडाकेबाज’मध्ये बाटलीतून निघणारा, थेट लक्ष्यासारखाच दिसणारा गंगाराम, ‘झपाटलेला’मध्ये बाहुल्यात शिरलेला गुंड. मारामारी, जादू आणि विनोद यांचं हे मिश्रण मराठी पडद्यावर इतक्या सातत्यानं आणि इतक्या बिनधास्तपणे दुसऱ्या कुणी केलं नाही.

यातले दोन चमत्कार उसने आहेत, हे मोठेपणी कळलं. १९८० साली सर्जिओ कोर्बुची या इटालियन दिग्दर्शकाचा ‘सुपर फझ’ आला. टेरेन्स हिल त्यात मायामीचा पोलीस. अणुस्फोटाच्या किरणांनी त्याला अचाट शक्ती येते आणि लाल रंग दिसला की जाते. ‘झपाटलेला’चं मूळ १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’त. तिथं मरणारा गुन्हेगार वूडू मंत्रानं बाहुल्यात शिरतो. नक्कल म्हणून ही यादी पुढं करणारे पुष्कळ आहेत. त्यांचं खोटं नाही, पण मला यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. किरणोत्सर्ग मराठवाड्यातल्या पोराला काय कळणार होता? त्याजागी मारुती आला आणि गोष्ट आमच्या वेशीवर येऊन बसली. वूडूच्या जागी बाबा चमत्कार आणि त्याचा मृत्युंजय मंत्र आला. बाहुलाही परका राहिला नाही, तो घडवला रामदास पाध्ये यांनी, ज्यांच्या घरातल्या अर्धवटरावाला सारा महाराष्ट्र ओळखत होता. आणि लाल रंगाची अट? शक्ती आली की तिच्यासोबत पथ्य येतं, हे आमच्याकडं नवस बोलणाऱ्या प्रत्येक आजीला ठाऊक असतं.

तालीम, तलवार आणि हवालदार

हा भाग मर्दानी खेळांना नवखा नाही. नांदेडात १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. सचखंड हुजूर साहिबच्या होला महल्ल्यात आजही निशाणं, घोडे आणि तलवारी रस्त्यावर येतात, गतका खेळणारे दुरून दिसतात. लातूरकडं कुस्ती. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले, रुस्तुम-ए-हिंद झाले. जत्रेच्या शेवटच्या दिवशी फड भरला नाही तर जत्रा अळणी, असं मानणारी ही गावं.

म्हणजे लढणारी माणसं आम्ही जवळून पाहत होतो. पण ती सगळी मोठी होती. पैलवानाची मांडी पाहूनच आपल्याला हे जमणार नाही हे कळायचं. कराटे क्लासच्या भिंतीवरचा ब्रूस ली तर दुसऱ्याच जगातला. लक्ष्याचं तसं नव्हतं. तो किडकिडीत, त्याची पँट ढगळ, साहेबापुढं त्याची बोबडी वळायची. मारुतीनं शक्ती दिली ती अशा माणसाला! तालमीत ज्याला कुणी जोडीला घेत नाही, त्या पोराला आपलाही नंबर लागू शकतो असं वाटलं ते या हवालदारामुळं.

अशा सिनेमांवरची माया जगात इतरत्रही दिसते. १९८६ साली जॉन कार्पेंटरचा ‘बिग ट्रबल इन लिटल चायना’ आला. सॅन फ्रान्सिस्कोची चायनाटाऊन, तिच्या पोटात लपलेला जादूगार, कुंगफू आणि थट्टा. थिएटरात तो पडला. पुढं व्हिडिओ कॅसेटनं त्याला जगवलं आणि आज त्याचे भक्त पिढ्यांचे आहेत. त्यातला ट्रकवाला जॅक बर्टन पोस्टरवर नायक आहे, पण खरी लढाई लढतो त्याचा चिनी मित्र. शेवटच्या हल्ल्याआधी जॅक जोशात छताकडं गोळी झाडतो, वरचा दगड त्याच्याच डोक्यात पडतो आणि तो आडवा होतो. कोठारेंच्या सिनेमात उलटं घडलं. पोस्टरवर महेश नायक, लढाईही बहुतेक तोच जिंकायचा. पण पारावरच्या खेळात महेश व्हायला कुणी तयार नसायचं. लक्ष्या होण्यासाठी मात्र चिठ्ठ्या टाकाव्या लागायच्या.

तीन सिनेमांची रात्र

परदेशात ‘कल्ट’ म्हणतात तो बहुधा आधी पडलेला आणि मग मूठभरांनी उचलून धरलेला सिनेमा. आमचे हे सिनेमे पडले नव्हते, गाजले होते. तरी मी त्यांना त्याच पंगतीला बसवतो, कारण त्यांचं पाहणं हे पाहणं राहिलं नाही, त्यांची पारायणं झाली. हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीला बसणारा माणूस पुढं काय येणार हे कळावं म्हणून बसत नाही. तसंच हे.

पारायणाची सोय व्हिडिओनं केली. गणपतीत वर्गणी उरली की तालुक्याहून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटा एका रात्रीसाठी भाड्यानं यायच्या. पहिला सिनेमा बायाबापड्यांसाठी देवाधर्माचा, दुसरा मारामारीचा हिंदी, तिसरा आमचा. तिसरा लागेपर्यंत निम्मी पोरं सतरंजीवर आडवी झालेली असायची; “लक्ष्या लागला, लक्ष्या लागला” म्हणत एकमेकांना उठवायची. मध्येच चित्राला मुंग्या यायच्या. व्हिडिओवाला मामा कॅसेट काढायचा, फुंकर मारायचा, नोटेनं हेड पुसायचा, आणि तेवढ्या वेळात एखादं पोरगं पुढचा प्रसंग उभं राहून करून दाखवायचं.

अशा रात्री टीव्ही रंगीत असला तरी उपयोग नसे. व्हिडिओच्या घासलेल्या फितीवर सगळ्यांत वाईट अवस्था होते ती लाल रंगाची. तो कडेबाहेर फुटतो, शेजारच्या वस्तूंवर सांडतो. आणि घरी तर पडदा करडाच. म्हणजे ज्या सिनेमाचा सगळा खेळ एका रंगावर, तो आम्ही त्या रंगाशिवाय पाहिला. लाल आला हे आम्हाला कळायचं कशावरून? लक्ष्मीकांतच्या चेहऱ्यावरून. गर्वानं वर गेलेली मान एका क्षणात खाली यायची, खांदे पडायचे, डोळे मोठे व्हायचे, ओठ थरथरायचे. पडद्यावर करडी वस्तू आणि समोर शंभर माणसं एकदम ओरडतात, “गेली रे, शक्ती गेली!” लाल रंग आम्ही त्या माणसाच्या तोंडावर वाचला. विनोदी नट म्हणून त्याला हलक्यात घेणाऱ्यांनी या परीक्षेत दुसऱ्या कुणाला बसवून पाहावं.

‘धडाकेबाज’ची कथा आणखी वेगळी. मराठीत सिनेमास्कोप आणण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. हे चित्र उंचीच्या सव्वादोन पटीहून अधिक रुंद, टीव्हीचा जुना पडदा सव्वापटीहून थोडाच अधिक. टीव्ही भरून दाखवायचं तर चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र दोन्ही बाजूंनी कापलं जातं. रुंद पडद्याच्या हौसेनं काढलेला सिनेमा आमच्या पिढीनं अर्धामुर्धा पाहिला. कवट्या महाकालची माणसं कडेला उभी होती का, हे आम्हाला आजही सांगता यायचं नाही. मधोमध कवटीचा मुखवटा दिसत होता, तेवढा पुरला. सिनेमा पाहिला त्या हिवाळ्यात गावात काळं घोंगडं पांघरून फिरणारी पोरं घराघरांत निघाली.

१९९३ला मात्र आमच्याकडं कुणी ‘झपाटलेला’चं वर्ष म्हणत नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. हजारो माणसं गेली. पुढच्या गणपतीत आमच्या गल्लीनं व्हिडिओ आणला नाही. त्याच्या पुढच्या साली आणला तेव्हा मामानं विचारलं, “तात्या विंचू लावू का?” म्हातारी माणसं नको म्हणाली, भ्यायची हौस फिटली आहे. मग गंगाराम लावला. त्या रात्री खूप दिवसांनी गल्ली मोठ्यानं हसली.

लाल पेन

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, पन्नाशी जेमतेम ओलांडून. २००७ साली फक्त मराठी चित्रपटांसाठीची झी टॉकीज वाहिनी सुरू झाली आणि पारायणाला पुन्हा जागा मिळाली. २०१३ला ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला.

परवा लातुरात उद्योग भवनाच्या भागात एका मेसमध्ये जेवत होतो. हा सगळा परिसर शिकवण्यांचा. मुखेड, कंधार, देगलूर, उदगीरची पोरं दोन वर्षं इथं खोल्या घेऊन डॉक्टर-इंजिनिअर व्हायची तयारी करतात. शेजारच्या टेबलावरच्या एकानं वही उघडली, सरांनी मारलेले लाल गोल दाखवले आणि मान टाकून म्हणाला, “लाल दिसला की आपली शक्ती जाती बघ.” दुसऱ्यानं ताटावरून हात फिरवत तात्या विंचूसारखं ‘ओम फट् स्वाहा’ म्हटलं. दोघांचाही जन्म लक्ष्मीकांत गेल्यानंतरचा. सिनेमा कुठं पाहिला विचारलं, तर म्हणाले, “मोबाईलवर, काका. तुकडे तुकडे.” आम्ही अर्ध्या चित्रात पाहिला, हे तुकड्यांत पाहतात.

भक्ती आंधळी असू नये, म्हणून हेही सांगतो. नायिकांच्या वाट्याला या सिनेमांत गाणी आणि पळवून नेलं जाणं याहून फारसं काही येत नाही. टक्कल, कुबड, बोबडेपणा यांवरचे विनोद आज खटकतात. कथा मध्येच सैल पडते. पोरांना हे दाखवताना मी गप्प बसत नाही. पण दुबळ्याच्या हाती बळ आलं तर तो ते कुणासाठी वापरील, हा प्रश्न या खेळकर सिनेमांनी जितक्या पोरांपुढं टाकला तितका गंभीर सिनेमांना टाकता आला नाही. माझा निवाडा एवढाच.

आता एक मागणं. गणेश मंडळांकडं, नाट्यगृहं चालवणाऱ्या नगरपालिकांकडं आणि ज्यांच्याकडं या सिनेमांचे हक्क व चांगल्या प्रती आहेत त्यांच्याकडं. नांदेडात एक रात्र आणि लातुरात एक रात्र मोठा पडदा लावा, रीतसर परवानगी काढून. ‘धडाकेबाज’ पूर्ण रुंदीत दाखवा, ‘दे दणादण’ पूर्ण रंगात. तिकीट लावा, आम्ही काढू.

पारावरचा वाद शेवटी गुरवमामांनी मिटवला होता. दिव्यात तेल घालता घालता ते म्हणाले, “मारुतीची शक्ती मारुतीपुढं जात नसती रे. खेळा.” निकाल आम्ही मानला. पण तो लाल नेमका कोणता होता, ते मला अजून एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे.