विश्लेषण : जर्मनीत जुळी मुले आणि तोंडावर हिवाळा, सरकार ‘दोन’ कुठे मोजते आणि ‘एक’ कुठे?

महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात कुशल मनुष्यबळाबाबत २०२४ मध्ये करार झाला. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. वाहन आणि आयटी क्षेत्रातील नोकऱ्यांमुळे पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरची अनेक तरुण जोडपी इथे स्थिरावली आहेत. जाण्याआधी चर्चा होते ती पगाराची, व्हिसाची आणि जर्मन भाषेच्या बी-वन परीक्षेची. घरात तान्हे बाळ असेल तर काय, हा विषय सहसा तिकडे पोहोचल्यावर निघतो. आणि बाळे दोन असतील तर तो शरद ऋतूत निघतो, कारण त्या दोन-तीन महिन्यांत पाळणाघर, आजारपण आणि अंधार हे तिन्ही एकदम दारात उभे राहतात.

सगळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच का येते?

जर्मनीत पाळणाघराला ‘किटा’ म्हणतात. वयाचे एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला किटात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०१३ पासून आहे. प्रत्यक्षात मोठ्या शहरांत जागांची टंचाई असते आणि बहुतेक जागा उन्हाळी सुट्टीनंतर, म्हणजे मोठी मुले पुढे शाळेत गेली की रिकाम्या होतात. त्यामुळे प्रवेश शरद ऋतूच्या तोंडावर. जुळ्यांच्या पालकांना एकाच किटात एकाच वेळी दोन जागा हव्या असतात, म्हणून नाव नोंदवायला उशीर करून चालत नाही. काही पालक गरोदरपणातच अर्ज भरतात.

जागा मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवसापासून मुले सोडून ऑफिस गाठले, असे नाही. तिथे रुळवण्याचा एक ठरलेला काळ असतो. ‘बर्लिन पद्धती’त पहिले तीन दिवस आई किंवा वडील तासभर मुलासोबत त्याच खोलीत बसतात. चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन पाहतात. मूल सावरले तर वेळ वाढवायची, नाही तर पुन्हा थांबायचे. दोन ते चार आठवडे यात सहज जातात. जुळ्यांत एक मूल तिसऱ्या दिवशी वाळूत रमते आणि दुसरे दोन आठवडे मांडी सोडत नाही, असे घडू शकते. वेळापत्रक अर्थातच उशिरा रुळणाऱ्याचे लागू होते. नोकरीवर रुजू होण्याची तारीख कंपनीला कळवताना हा महिना हिशेबात धरलेला बरा.

पैशांत दोन म्हणजे नेहमी दुप्पट का नाही?

इथे नीट लक्ष द्यायला हवे. प्रत्येक योजना जुळ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहते.

‘किंडरगेल्ड’ म्हणजे बालभत्ता. तो प्रत्येक मुलामागे मिळतो. २०२५ मध्ये दरमहा २५५ युरो, जानेवारी २०२६ पासून २५९ युरो. जुळ्यांना सरळ दुप्पट. काम करण्याची मुभा देणारा निवास परवाना असलेल्या भारतीयांनाही तो मिळतो. अर्ज रखडला तर मागची थकबाकी सहा महिन्यांचीच मिळते.

‘एल्टर्नगेल्ड’ म्हणजे बाळासाठी काम थांबवलेल्या किंवा कमी केलेल्या पालकाला मिळणारा भत्ता. तो आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के असतो. किमान ३००, कमाल १८०० युरो. दोघांनी वाटून घेतल्यास एकूण १४ महिने मिळतात. जुळी झाली म्हणून २८ महिने होत नाहीत. प्रसूती एक, हक्क एक. वर फक्त दरमहा ३०० युरोंची भर पडते. एक सवलत मात्र मोलाची आहे. एप्रिल २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत आई-वडील दोघांनी एकाच वेळी हा भत्ता घेण्यावर एका महिन्याची मर्यादा आली. जुळ्या-तिळ्यांच्या पालकांना तीतून वगळले आहे. दोघेही एकदम काही महिने घरी राहू शकतात. पहिल्या सहा महिन्यांत चार हात किती कामाला येतात, हे जुळ्यांच्या घरात सांगावे लागत नाही.

आईच्या सक्तीच्या प्रसूती रजेचे गणित तिसरेच. प्रसूतीआधी सहा आठवडे सर्वांना सारखे. नंतर एका बाळासाठी आठ आठवडे, जुळ्यांसाठी बारा. म्हणजे दीडपट.

एल्टर्नगेल्डचा अर्ज लांबवू नये. मागचे तीनच महिने भरून मिळतात. दोघांचा पगार तगडा असलेल्या जोडप्यांसाठी आणखी एक अट आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या जन्मांसाठी करपात्र वार्षिक उत्पन्न १ लाख ७५ हजार युरोंच्या वर असेल तर हा भत्ता मिळतच नाही.

आजारपणाच्या रजेचा हिशेब कसा?

किटात गेलेल्या मुलाला पहिल्या वर्षी आठ-दहा वेळा सर्दी-ताप होणे बालरोगतज्ज्ञांना वावगे वाटत नाही. आता हे दोनाने गुणा. त्यातही दोघे एकदम आजारी पडतील तर बरे, असे म्हणायची वेळ येते. बहुतेकदा एकाचा ताप उतरतो आणि सोमवारी दुसऱ्याचे नाक वाहू लागते.

सरकारी आरोग्य विम्यात असलेल्या पालकाला १२ वर्षांखालील आजारी मुलासाठी सध्या वर्षाला १५ दिवसांची रजा मिळते. ती प्रत्येक मुलामागे आणि प्रत्येक पालकाला. जुळ्यांसाठी एका पालकाला ३०, दोघांना मिळून ६० दिवस. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास रक्कम विमा संस्था देते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून लागते. मूल त्या दवाखान्याच्या ओळखीचे असेल आणि आजार किरकोळ असेल तर पाच दिवसांपर्यंतचे प्रमाणपत्र फोनवरही मिळू शकते. दोन तापलेली बाळे घेऊन पावसात ट्राम पकडण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

यात एक मेख आहे. वार्षिक पगार ठरावीक मर्यादेच्या (२०२५ मध्ये ती ७३ हजार ८०० युरो होती) वर असेल तर खासगी विमा घेता येतो आणि तरुणांना तो स्वस्त पडतो. माझ्या इंजिनीअरिंगच्या बॅचमधल्या दोघांनी लग्नाआधी याच हिशेबाने तो घेतला. पण खासगी विम्यात आजारी मुलाच्या रजेचा हा भत्ता नाही आणि प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा भरावा लागतो. सरकारी विम्यात मुले पालकाच्या विम्यात मोफत येतात. खासगीतून सरकारीत परतणे सोपे नसते. एकट्याचा हप्ता पाहून हा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

थंडी, ऊन आणि गोधडी

ऑक्टोबर ते मार्च या काळात जर्मनीतले ऊन त्वचेत पुरेसे ड जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. सावळ्या त्वचेला तर त्यासाठी आणखी ऊन लागते. त्यामुळे तान्ह्या बाळांना रोज ४०० ते ५०० युनिट ड जीवनसत्त्व देण्याची तिथे सर्वसाधारण शिफारस आहे आणि बाळ दुसरा उन्हाळा पाहीपर्यंत ते चालू ठेवतात. आपल्याकडच्या सवयीने ‘उन्हात धरले की झाले’ म्हणून हा डोस चुकवू नये.

दुसरी काळजी आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूची. त्याचा हंगामही साधारण ऑक्टोबर ते मार्च. जर्मनीच्या लसीकरण आयोगाने जून २०२४ मध्ये सर्व तान्ह्या बाळांना त्यांच्या पहिल्या हंगामात तयार प्रतिपिंडांचे एक इंजेक्शन देण्याची शिफारस केली. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांना ते शरदात मिळते, त्यानंतरच्यांना जन्मल्यावर लगेच. जुळी मुदतीआधी जन्मण्याचे प्रमाण जास्त असल्याने त्यांच्यासाठी ते अधिक महत्त्वाचे.

घरातला खरा वाद होतो तो झोपण्यावरून. बाळंतपणाला आलेली आजी कानटोपी, दुपटे आणि गोधडी घेऊन सज्ज असते. घरी तपासायला येणारी सुईण (तिचा खर्च विमा देतो) खिडकी उघडते, टोपी काढते आणि पांघरूण बाजूला ठेवायला सांगते. तिथला सल्ला असा : खोली १६ ते १८ अंश, बाळ पाठीवर, अंगात बिनबाह्यांची झोपपिशवी, डोक्यावर काही नाही. बाळाचे शरीर डोक्यावाटे उष्णता बाहेर टाकते. अति उबेने आणि तोंडावर आलेल्या पांघरुणाने झोपेतच मृत्यू ओढवण्याचा धोका वाढतो. बाहेर पडताना मात्र टोपी हवीच. आजीची कानटोपी तिथे उपयोगी पडते. एकूण, या एका मुद्द्यावर सुईणीचे ऐकावे. डिंकाच्या लाडवांवर आजीचे.

कपड्यांचा खर्च मोठा वाटतो, कारण किटात पाऊस असो वा चिखल, मुलांना बाहेर नेतात. चिखलात चालणारी रबरी विजार आणि गमबूट, सगळे दोन-दोन. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळा आणि चर्चच्या सभागृहांत लहान मुलांच्या वापरलेल्या वस्तूंचे बाजार भरतात. तिथे हे निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकते. जुळ्यांची बाबागाडी घेताना आधी इमारतीच्या लिफ्टचे दार मोजावे.

घड्याळ मागे गेल्यावर काय होते?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनचे दोन वाजतात. मोठ्यांना तासभर जास्त झोप. बाळांना हे कोणी सांगितलेले नसते. सहाला उठणारी पाचला उठतात, आणि एक उठले की दुसरे. श्टुटगार्टमध्ये शनिवारी सहानंतर मावळलेला सूर्य रविवारी पाचनंतर लगेच मावळतो. डिसेंबरात तर साडेचारलाच अंधार. झोपेची वेळ आधीचा आठवडाभर रोज दहा-पंधरा मिनिटांनी सरकवत नेली तर त्रास कमी होतो.

भारताशी वेळेचे अंतरही साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जाते. किटातून आल्यावर साडेपाचला केलेला व्हिडीओ कॉल आधी गावी रात्री नऊला लागायचा, आता दहाला. जेवणे उरकून आजोबा झोपलेले असतात. मग कॉल शनिवार-रविवारच्या सकाळवर जातो.

हा अंधार मुलांना आवडावा अशी एक सोय मात्र तिथल्या पंचांगात आहे. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस. किटातली मुले स्वतः केलेले कागदी कंदील काठीला लावून संध्याकाळी मिरवणुकीने निघतात. काही ठिकाणी पुढे घोडेस्वारही असतो. ही मिरवणूक दिवाळीच्या आगेमागे येते, त्यामुळे मराठी घरांत आकाशकंदील आणि किटाचे दोन कंदील एकाच खिडकीत दिसू शकतात. फटाके मात्र नाहीत. ते तिथे सर्वसामान्यांना वर्षअखेरच्या दिवसांतच विकत मिळतात.

आजी किती दिवस थांबू शकते?

पाहुण्यांचा शेंगेन व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचाच. नातवंडे एक असो वा दोन, नियम तोच. त्यामुळे आधी आईची आई, मग वडिलांची आई अशी पाळी लावून सहा महिने काढण्याची रीत पडली आहे. ऑगस्टमध्ये आलेली पहिली आजी नोव्हेंबरात परतते, म्हणजे नेमकी सर्दी-तापाच्या तोंडावर. दुसरीचा व्हिसा अर्ज तोपर्यंत मंजूर झालेला हवा. किमान ३० हजार युरोंचा प्रवास आरोग्य विमा लागतोच.

कायमस्वरूपी बोलावण्याचा मार्ग २०२४ पासून काहींना खुला झाला आहे. १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर ब्लू कार्ड अथवा कुशल कामगाराचा परवाना पहिल्यांदा मिळालेल्यांना आपल्या आई-वडिलांना आणि जोडीदार तिथेच राहत असेल तर त्याच्याही आई-वडिलांना तिकडे राहायला नेता येते. त्याआधी परवाना मिळालेल्यांना ही सवलत नाही, मग ते दहा वर्षे कर भरत असोत. दोन अटी आहेत : त्यांचा खर्च भागेल इतके उत्पन्न आणि पूर्ण आरोग्य विमा. उत्पन्नाचे जमते. साठी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला तिथल्या सरकारी विम्यात शिरता येणे कठीण आणि खासगी विमा महाग, अनेकदा नकारच. म्हणून अर्जाची फी भरण्याआधी विमा कंपनीचा लेखी होकार आणि हप्त्याचा आकडा हातात घ्यावा.